पाचव्या शीलापाशी

१६ मार्च, रविवार. अकोला

अमरावतीहून सकाळच्या एसटीने आले. आईच्या पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. जुन्या चादरीवर तिचं शिलाई मशीन अंथरलेलं. खरंच अंथरलेलं. एकेक भाग सुटा, पुसून चकचकीत, स्क्रू आकाराप्रमाणे चार वाट्यांत. मधोमध माझा भाऊ राहुल, हातात तेलाची चिंधी. होळीसाठी अकोटच्या कापसाच्या जिनिंगमधून आला आणि आल्यापासून पंखा, मिक्सर, शेजाऱ्यांची पाण्याची मोटर, सगळं उघडून झालं.

आई कौतुकात. "फिटर पोरगा असला का असं असते. दोन दिवसापासून पाठ टेकली नाई त्यानं."

प्रज्ञा चहा घेऊन आली. राहुलची बायको असून तिच्या तोंडून तक्रार कधी ऐकली नाही. आज हळूच म्हणाली, "दोन नाई ताई, तीन. आन् जेवलेबी नाईत."

संध्याकाळी विहारात वंदना नेहमीप्रमाणे त्यानेच म्हटली. लहानपणापासून वस्तीत त्याचाच आवाज. पण आज इतकी भरभर म्हटली की मागचे सगळे मागेच राहिले. पंचशीलातलं पाचवं, नशा न करण्याचं, सगळ्यात मोठ्याने.

ओठ चावतो सारखा. जबडा हलत राहतो. सीझनचा थकवा असेल. मशीन जोडून झालं की ग्रंथालयासाठी कापडी पिशव्या आईकडून शिवून घेणार.

२३ मार्च, रविवार

प्रज्ञाचा फोन. राहुलने खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली आहेत. समोरचा माणूस मोबाईलवर आपलं रेकॉर्डिंग करतो म्हणे. शेठने "आराम कर" म्हणून घरी पाठवून दिलंय. मशीन तसंच, चादरीवर.

त्याच्या हत्यारांच्या पेटीत काचेची छोटी नळी सापडली, काळी पडलेली. प्रज्ञाला वाटलं वेल्डिंगचं काही असेल.

मलाही क्षणभर तसंच वाटावंसं वाटलं.

२५ मार्च, मंगळवार. अकोला

रजा टाकून आले. सकाळी राहुल आणि मी, दोघंच गच्चीवर. आधी हसण्यावारी नेलं, मग बोलला. कापसाच्या सीझनमध्ये रेचे, म्हणजे सरकी काढायची यंत्रं, चोवीस तास चालतात. एक बंद पडला की शेठ फिटरला उठवतो. दोन वर्षांपूर्वी कापसाच्या गठाणी न्यायला आलेल्या ट्रकवाल्याने दिलं. "घे, झोप येत नाई." आइस म्हणतात. पहिल्यांदा घेतलं तेव्हा एका दमात तीन रेचे दुरुस्त केले, शेठने पाठ थोपटली.

"पण ताई, दारूले हात नाई लावला म्या. वास तरी येते काय मले?"

हे अभिमानाने म्हणाला. आमचे बाबा दारूने गेले. त्या दिवशी विहारात त्याने घेतलेली शपथ मला आठवते, तेव्हा तो अकरावीत होता. ती मोडली नाही असं तो खरंच समजत होता. दारू नाही, म्हणजे पाचवं शील शाबूत. खोटारडेपणा असता तर मला राग तरी आला असता.

काय करायचं ते मी शोधून काढणार. वीस वर्षं लोकांना हवं ते पुस्तक शोधून देते, हेही सापडेल.

३० मार्च, रविवार

मी अमरावतीला परतल्यावर आईने शेजारणीला घेऊन परस्पर राहुलला सेमाडोहकडे नेलं. तिकडे कोणी दारू सोडवायची जडीबुटी देतो.

फोनवर म्हटलं, "आई, आयुष्यभर अंधश्रद्धेवर भांडलीस ना लोकांशी."

"मंग? औषधच त घेतलं. पूजा थोडी केली."

"पण तो दारू पीत नाही."

"नशा थे नशाच."

३ एप्रिल, गुरुवार

आईचा आनंद फोनमध्ये मावत नाही. जडी लागू पडली. राहुल तीन दिवस सलग झोपला. आज उठून अकरा पोळ्या खाल्ल्या, पुन्हा झोपला. शांत आहे, काही मागत नाही. वस्तीत पेढे वाटले.

प्रज्ञासुद्धा हसली म्हणे.

मिलिंदला सांगितलं. माझा नवरा सहसा कशावर पटकन विश्वास ठेवत नाही, तोही म्हणाला, "बरं झालं, सुटलं."

सुटलं.

१४ एप्रिल, सोमवार. अकोला

जयंती. मिरवणुकीत राहुल डीजेपुढे सहा तास नाचला. हा मुलगा स्वतःच्या वरातीत नाचला नव्हता. घामाने भिजलेला, डोळे मोठे, जबडा हलतोय.

आई: "पाह्य ना, किती खुश हाय."

मला आता ते डोळे ओळखू येतात.

१८ एप्रिल, शुक्रवार

सुट्टी होती तरी ग्रंथालयात बसले, वाचनाच्या खोलीत पंख्याखाली. इंटरनेटवर, मनोविकाराच्या पाठ्यपुस्तकात, जे मिळेल ते वाचलं. पुढचं स्वतःसाठी:

मेथॅम्फेटामाइन. दारूसारखं नाही. सोडल्यावर हात थरथरत नाहीत, वांत्या होत नाहीत, म्हणून घरच्यांना वाटतं काही नव्हतंच. घेतल्यावर दिवसेंदिवस झोप नाही, भूक नाही, एकच काम पुन्हापुन्हा. वस्तू उघडत बसणं हेही त्यातलंच, इतकं नेहमीचं की पुस्तकात लिहिलेलं आहे. मग संशय. मग माल संपला की शरीर कोसळतं: दिवसचे दिवस झोप आणि राक्षसी भूक. सोडल्यावरही घेण्याची जागा दिसली की ओढ परत येते, तिथे एकटं पाठवू नये.

म्हणजे त्याचा आजार भरात होता तेव्हा आम्ही कष्टाळू म्हणून कौतुक केलं. कोसळला तेव्हा बरा झाला म्हणून पेढे वाटले.

एक पेढा मीही खाल्ला, प्रज्ञाने पाठवलेला.

२१ एप्रिल, सोमवार

शहराबाहेरचं एक खाजगी व्यसनमुक्ती केंद्र पाहून आलो, मिलिंद आणि मी. लोखंडी दार, आतून कुलूप. तिथल्या माणसाने चहा दिला, चांगलं बोलला. तीन महिने भेट नाही, फोन नाही. महिन्याचा आकडा माझ्या पगाराहून मोठा, तोही आगाऊ.

"डॉक्टर कोण आहेत?"

"येतात ना मॅडम, रविवारी."

"आइसचे पेशंट असतात का?"

"सगळे असतात. नशा एकच. तुम्ही फक्त पत्ता द्या. आमची गाडी जाते, चार जण उचलून आणतात. पेशंटला विचारायचंच नसतं."

आईनेही हेच म्हटलं होतं, नशा थे नशाच. आईला माहीत नव्हतं म्हणून तिने म्हटलं, इथे हा धंदा आहे.

परत येताना मिलिंद म्हणाला, "उचलून आणलेला माणूस सुटल्यावर पहिल्यांदा कुठे जाईल?"

यादीतून काट.

२३ एप्रिल, बुधवार

सरकारी हेल्पलाइनला फोन केला. लागणार नाही असं धरून चालले होते, तिसऱ्या प्रयत्नात लागला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं, कोणती नशा, किती दिवस, जीव द्यायचं काही बोलतो का. हा शेवटचा प्रश्न आजवर मी राहुलला विचारलाच नव्हता. त्या म्हणाल्या, सरकारी दवाखान्यातल्या मनोविकार विभागात जा, भरतीची सोय तिथेच असते, लांब शोधू नका.

रोज कॉलेजला जाताना त्या फाटकावरून जाते. वीस वर्षं.

२८ एप्रिल, सोमवार

प्रज्ञा आणि आई राहुलला अमरावतीला घेऊन आल्या. शेवटचं शनिवारी घेतलं, म्हणजे २६ ला. हे त्याने स्वतः सांगितलं.

ओपीडी. केस पेपर चहापेक्षा स्वस्त. रांग मोठी. डॉक्टर मॅडम माझ्याहून लहान, बोलल्या मात्र राहुलशीच, आमच्याशी नाही.

"फिटर आहात ना? मशीन ठरलेल्या वेगाच्या चौपट चालवलं तर काय होतं?"

"बेरिंग जाते."

"तुमचं तेच झालंय. मेंदूत आनंदाची एक यंत्रणा असते, ती या नशेने चौपट पळवली. आता ती साध्या जेवणाला, साध्या गाण्याला हलणारच नाही. पण ही बेरिंग हळूहळू स्वतः भरून येते. आठवडे नाही, महिने लागतात."

"गोळी नाई काय मॅडम?"

"झोपेसाठी, उदासीसाठी आहे. आइस सोडवणारी अशी ठरावीक गोळी नाही. कोणी विकत असेल तर घेऊ नका."

आई खाली बघत होती. सेमाडोहचं मी सांगितलं नाही.

बाहेर आल्यावर मॅडमनी मला आणि प्रज्ञाला थांबवलं. आता उदासी खोल येईल, एकटं सोडू नका, मरणाचं बोलला तर सकाळची वाट पाहू नका, लगेच आणा.

दोन आठवडे वॉर्डात राहायचं ठरलं. कॉटवर बसून म्हणाला, "कुलूप नाई लावत इथं?"

नाही लावत.

१२ मे, सोमवार. बुद्धपौर्णिमा

वॉर्डातून घरी, म्हणजे आमच्या घरी. अकोट लांब राहिलेलं बरं. आईही राहायला आली, प्रज्ञा अकोल्याची नोकरी सांभाळून शनिवार-रविवार येणार. आईने शिलाई मशीनचे भाग डब्यात भरून सोबत आणले. "इथंच लावून देईन म्हणते थो."

डबा कपाटावर ठेवला. राहुलने त्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

खीर केली होती. दोन चमचे खाल्ली. "कशी झाली?" विचारलं तर म्हणाला, "झाली असन चांगली. मले काई लागून नाई राहिलं, ताई."

२९ मे, गुरुवार

बाहेर ऊन असं की अंगण ओळखू येत नाही. राहुल दिवसभर भिंतीकडे तोंड करून. मी त्याची पिशवी तपासली, चपला उलट्या करून पाहिल्या, तो आंघोळीला गेल्यावर उशी चाचपली. काही नाही. उद्या पुन्हा पाहीन हे मला माहीत आहे.

आज त्याला विचारलं, हेल्पलाइनच्या बाईंनी विचारलं होतं ते. म्हणाला, "मराचं वाटत नाई. पण जगाचंबी काई खास वाटत नाई." मॅडमना फोनवर सांगितलं. उद्याच या म्हणाल्या.

९ जून, सोमवार

गोळी बदलल्यापासून थोडा उठून बसतो. आज समुपदेशक शेख सरांकडे पाळी होती. आठवड्यातून दोनदा लघवीची तपासणी, छोट्या डबीत भरून द्यायची. त्यांच्या टेबलावर बिस्किटांच्या दुकानातली प्लास्टिकची बरणी, आत चिठ्ठ्या. तपासणी साफ आली की एक उचलायची. बऱ्याच चिठ्ठ्यांवर नुसतं 'शाब्बास', काहींवर 'चहा', एक-दोनांवर 'शर्टाचं कापड'.

राहुल: "मी काय बालवाडीत हावो काय सर?"

"उठाव मियाँ. आइस लगेच मजा देतो, चांगलं वागण्याचा फायदा मात्र सहा महिन्यांनी. इतनी लंबी उधारी दिमाग को समझती नहीं. उसको आज का आज कुछ चाहिए."

उचलली. शाब्बास.

मग मी घरी काय काय तपासते ते सांगितलं, जरा अभिमानानेच. सर हसले. "मॅडम, आप लायब्ररीवाली हो, सीआयडी नहीं. तपासायचं काम माझ्या डबीवर सोडा. तुम्ही बहीण राहा. ती जागा दुसऱ्या कोणाला भरता येत नाही."

रस्ताभर हे डोक्यात.

१५ जून, रविवार

घरीही बरणी सुरू. आईची लोणच्याची, धुऊन उन्हात वाळवलेली, तरी मोहरीचा वास आहेच. चिठ्ठ्या आईने लिहिल्या. म्हातारपणी शिकलेलं तिचं मोठं मोठं अक्षर, एकेक चिठ्ठी दहा मिनिटं. आज राहुलने पहिली उचलली:

'पायाले तेल लावून देईन.'

"नोको व आई," म्हणाला. पण पाय पुढे केले. आई बसली चोळत. मी स्वयंपाकघरात गेले, उगाच.

६ जुलै, रविवार

येत्या गुरुवारपासून वर्षावास. तीन महिने रोज संध्याकाळी आमच्या कॉलनीच्या विहारात ग्रंथवाचन होतं. गेल्या वर्षीचे वाचक बदलीवर गेले. मी राहुलचं नाव दिलं, त्याला न विचारता. चिडला. "लोकाइले काय सांगू, कोन हावो मी?" मिलिंद म्हणाला, "वैशालीचा भाऊ म्हणून सांग. तेवढं पुरतं इथं."

डॉक्टर मॅडमना विचारलं होतं. रोज एका वेळी एका ठिकाणी जायचं आणि तिथे कोणीतरी वाट पाहत असणार, यापेक्षा चांगलं औषध माझ्याकडे नाही, म्हणाल्या.

१३ जुलै, रविवार

चौथा दिवस वाचनाचा. आवाज अजून जड, पण आवाज तोच. बायका पुढे सरकून बसतात.

आज वंदनाही त्याच्याकडे दिली. चार शीलं म्हणाला आणि थांबला. पाचवं म्हटलंच नाही. सगळे वाट पाहत राहिले, मग मागून कॉलनीतल्या गवई काकांनी आपल्या घोगऱ्या आवाजात ते उचललं.

बाहेर चपला घालताना काकांनी पकडलंच. "काय रे, पाचवं गिळलं काय?"

"पचवून राहिलो काका."

आई लाजेने अर्धी. घरी: "काहून म्हणलं नाई? लोकं काय म्हणतीन?"

"दोन वर्षं म्हणत होतो ना आई, सगळ्याइच्या वर आवाज काढून. आता शंभर दिवस साफ निंगू दे. मंग म्हणीन. खोटं नाई म्हणाचं आता."

आई रुसून झोपायच्या खोलीत. मला मात्र आज पहिल्यांदा खात्री वाटली. मार्चमध्ये त्याने मोठ्याने म्हटलं होतं. आजचं थांबणं मला त्याहून जास्त ऐकू आलं.

कॅलेंडरवर शंभरावा दिवस मोजला. ४ ऑगस्ट.

३० जुलै, बुधवार

पंचाण्णव. जेवताना म्हणाला, "मीठ कमी हाय." आईने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. त्याला चव लागली.

शिलाई मशीनचा डबा काढला आज. पण बारीक पाने पेटीत, आणि पेटी एप्रिलमध्ये अकोटच्या खोलीवर नेलेली, तिथेच राहिली. त्याशिवाय होत नाही म्हणे. मी म्हटलं, उद्या जाऊन घेऊन ये. मिलिंदने विचारलं, "एकटा?" मी म्हटलं, किती दिवस बोट धरणार. पंचाण्णव दिवस झालेत.

१ ऑगस्ट, शुक्रवार

काल संध्याकाळी वाचनाला आला नाही. गवई काकांनी चष्मा पुसत पुसत वाचलं.

आज सकाळी अकराला घरी आला, पेटी घेऊन. दारातच म्हणाला, "ताई, काल घेतलं."

बंद असलेल्या जिनिंगमध्ये ओळखीचा एक जण भेटला. अर्धा तास बोलणं. बस तेवढंच.

मी काय बोलले ते लिहीत नाही. आवाज चढला होता माझा. पाठवलं मी, आणि ओरडले त्याच्यावर. आईने मध्ये पडून त्याला पाणी दिलं आणि मला म्हणाली, "थो सांगत आला. तुह्या बापानं कधी सांगतलं होतं काय?"

४ ऑगस्ट, सोमवार

हा शंभरावा दिवस व्हायचा होता. ओपीडीला गेलो.

त्याने डबी भरायच्या आधीच सांगितलं. शेख सरांनी लिहून घेतलं, तेवढंच. मग, "सांगितलं तो भी एक चीज है. चिठ्ठी मात्र नहीं मिलेगी आज. कानून सबको एक."

डॉक्टर मॅडम: पडला तो आजाराचा भाग आहे, मागचे पंचाण्णव दिवस पुसले गेले नाहीत, बेरिंग तेवढी भरली ती भरलीच. मग माझ्याकडे वळून, सौम्यपणे, "जिथे घेत होता ती जागा, तो रस्ता, तो वास, हे सगळं मेंदूला आठवतं. शंभर दिवसांत एकट्याला तिथे पाठवायचं नव्हतं."

माहीत होतं मला. एप्रिलमध्येच वाचलं होतं, वहीत उतरवलंही होतं. मला वाटलं तो नियम इतरांच्या भावांसाठी आहे.

घरी आल्यावर त्याची माफी मागितली. म्हणाला, "सोड. पेटी त आली." दोघंही हसलो, थोडंच.

नवा हिशोब १ ऑगस्टपासून. शंभर म्हणजे ८ नोव्हेंबर.

१४ सप्टेंबर, रविवार

रोज वाचन. चार शीलं त्याची, पाचवं काकांचं. आता कॉलनीला सवय झालीय. कोणी विचारत नाही. काका घसा खाकरून तयारच असतात.

प्रज्ञा आली होती. दोघं संध्याकाळी पायी विहारात गेले, छत्री एकच.

मी पिशवी तपासणं सोडलंय. आज तेहतीस दिवस झाले. हे व्यसन कमी नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

नागपूरला जाणाऱ्या गाड्या सकाळपासून भरून चालल्यात. आम्ही यंदा गेलो नाही, गर्दी नको म्हणून राहुलनेच ठरवलं.

सकाळी दहाला त्याने चादर अंथरली आणि शिलाई मशीन घेऊन बसला. वाट्यांत स्क्रू, तसेच, आकाराप्रमाणे. कॉलनीत पंचशीलाचा ध्वज लावायला गेले, परत आले, तो तिथेच. आई हळूच म्हणाली, "काय व, पुन्हा तसंच त नाई?"

साडेबारा. जेवायला वाढलं. मी हाक मारायच्या आधीच तो उठला. हात धुतले. मशीन अर्धं जोडलेलं, एक पट्टा लोंबत.

"राहू दे, नंतर करतो. भूक लागली."

भाजीचा घास घेता घेता रडू आलं मला. मार्चमध्ये त्याला हातातलं काम सोडून जेवायला उठता येत नव्हतं. त्याला अर्धवट सोडता येतं आता.

संध्याकाळपर्यंत मशीन चालू झालं. एक स्क्रू उरला.

आई: "चालते ना? मंग राहू दे त्याले वाटीत."

७ ऑक्टोबर, मंगळवार

काल पौर्णिमेला वाचन संपलं. समारोपात राहुलला शाल. गवई काका माईकवर म्हणाले, "वाचक चांगला हाय. एक वाक्य गाळते, पण थे आमी भरून काढतो." सगळे हसले, राहुलही. मागच्या मार्चमध्ये याच टोमण्याने त्याने खिडक्या झाकल्या असत्या.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

परवा अकोटहून शेठचा फोन आला. १० नोव्हेंबरला मुहूर्त, रेचे सुरू. "तुझ्यासारखा फिटर नाही."

घरात दोन दिवस हाच विषय. आई नको म्हणते. मी अमरावतीत दोन ठिकाणी त्याच्यासाठी बोलून ठेवलं होतं, एक मोटर रिवाइंडिंगचं दुकान. तो सगळं ऐकून घेतो.

"ताई, मले एवढंच येते. आन् थे मले चांगलं येते, नशा न करताबी. हे मले पाहाचं हाय."

३ नोव्हेंबर, सोमवार

ओपीडीत सगळे बसून ठरवलं. फक्त दिवसपाळी. अकोटला खोली नाही, मुक्काम अकोल्याला प्रज्ञाजवळ, रोज एसटीने जाणं-येणं. दर बुधवारी अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात तपासणी, मॅडमनी चिठ्ठी दिली. शेठला राहुलने स्वतः फोन करून सांगितलं, स्पीकरवर, आमच्यासमोर. कारणासकट.

शेठ म्हणाला, "बरं. रातच्याले दुसरा पाहू."

शेख सर: "मुश्किल है. नामुमकिन नहीं है. ट्रकवाला फिर आएगा, ये लिख के रखो. तेव्हा कोणाला फोन करणार?"

राहुलने माझं नाव नाही सांगितलं, प्रज्ञाचं सांगितलं. मग काकांचं. तिसरं माझं. बरोबर आहे. तरी क्षणभर लागलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

शंभर.

चिठ्ठी: 'वांग्याचं भरीत न् भाकर.' केलं. तीन भाकरी खाल्ल्या, अकरा नाही.

दुपारी तो पुढच्या खोलीत बूट पॉलिश करत होता, मी पेपर वाचत होते. सहज म्हटलं, "उद्या विहारात..." त्याने मान वर केली नाही. ब्रश चालू.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी विहार. नेहमीपेक्षा गर्दी. कोणी सांगितलं होतं कोणाला, माहीत नाही. आईने नवं पांढरं लुगडं काढलं. प्रज्ञा तिच्या शेजारी, मी मागे.

राहुलने सुरुवात केली. हात जोडले, डोळे मिटले. पहिलं. दुसरं. तिसरं. चौथं.

मग ती थांबायची जागा आली. काकांचं खाकरणं आज आलं नाही.

आणि सगळं विहार एकदम म्हणू लागलं. बायका, पुरुष, काका, आई. कोणी ठरवलं नव्हतं, मला नक्की माहीत आहे, पण सगळ्यांनी मिळून पाचवं असं उचललं की छपराचे पत्रे घुमले. त्यात त्याचा आवाज होता की नव्हता, मला वेगळा काढता आला नाही. मी मिटलेले डोळे उघडले असते तर त्याचे ओठ दिसले असते. समोर चार हातांच्या अंतरावर उभा होता.

मी उघडले नाहीत.

परत येताना आईने माझा हात धरला. "म्हणलं काय व त्यानं?"

"मले नाई समजलं आई."

"मलेबी नाई." थोडं चालल्यावर म्हणाली, "मी माह्यंच म्हणून राहिली होती."

आत्ता संध्याकाळ. राहुल पेटी भरतोय. बारीक पाने वर, मोठे खाली. सोबत लोणच्याची बरणी, चिठ्ठ्यांसकट, टॉवेलात गुंडाळून. आई म्हणाली, नव्या चिठ्ठ्या अकोल्यात प्रज्ञा लिहील, तिचं अक्षर बारीक आहे, जास्त मावतील. उरलेला स्क्रू मशीनच्या ड्रॉवरमध्ये टाकून ठेवला. सीझन संपल्यावर पाहतो म्हणाला, कुठला आहे तो.

आठला राहुल आणि प्रज्ञाला बसवून द्यायचं आहे अकोल्याच्या गाडीत. पहिली पाळी उद्या. पहिली तपासणी बुधवारी.